वसमतची हळद : आहार, औषधी आणि बाजार यांचा एक ऐतिहासिक विचार

१

हळद ही महाराष्ट्रीय जीवनात इतकी सर्वव्यापी वस्तू आहे की, तिच्याविषयी स्वतंत्र विचार करण्याचे प्रयोजन सहसा कोणास भासत नाही. वरणात ती असते, फोडणीत ती असते. वधूवरांच्या अंगास ती लागते. खंडोबाच्या गडावर भंडारा म्हणून ती उधळली जाते. आणि विळ्याने बोट कापले असता घरातील वडीलधारी स्त्री प्रथम हळदीच्याच डब्याकडे हात नेते. अन्न, औषध, रंग आणि मांगल्य ही चार कार्ये एकाच कंदाने पार पाडावी, ही गोष्ट वनस्पतींच्या इतिहासात विरळाच म्हणावी लागेल. परंतु याच कारणामुळे हळदीच्या गुणांविषयी बोलताना मोठा घोटाळाही होतो. एका कार्याचे श्रेय दुसऱ्यास दिले जाते; ग्रंथोक्त लेपाचा गुण भाजीतील चिमटीस चिकटविला जातो; आणि प्रयोगशाळेतील अर्काचा परिणाम बाजारातील भुकटीच्या नावावर मांडला जातो.

हा प्रश्न हिंगोली जिल्ह्याच्या दृष्टीने केवळ पंडिती कुतूहलाचा नाही. परभणी जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा लहानसा जिल्हा आज महाराष्ट्रातील हळदीच्या लागवडीत अग्रभागी आहे, आणि वसमत हे तिच्या खरेदी-विक्रीचे एक प्रमुख ठिकाण बनले आहे. २०२४ साली ‘वसमत हळद’ या नावास भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या पिकावर हजारो कुटुंबांचा वर्षाचा संसार अवलंबून आहे, त्याच्या औषधी कीर्तीतील कोणता भाग पुराव्याचा आणि कोणता केवळ ऐकीव, हे ठरविणे म्हणूनच अगत्याचे ठरते. ही कीर्ती कशी घडली, तिचे आजचे मोल काय, आणि त्यातील किती अंश शेतकऱ्याच्या पदरी पडतो, या तीन प्रश्नांचा विचार पुढे क्रमाने केला आहे.

२

मराठी ‘हळद’ हा शब्द संस्कृत ‘हरिद्रा’ या शब्दापासून प्राकृत ‘हलिद्दा’, ‘हलद्दा’ अशा रूपांतून आलेला आहे. हळदीचा वैदिक पुरावा म्हणून काविळीवरील एका सूक्ताचा उल्लेख वारंवार केला जातो. अथर्ववेदाच्या पहिल्या कांडातील या सूक्तात रोग्याचा पिवळेपणा शुक पक्ष्यांकडे व ‘हारिद्रवां’कडे जावो अशी प्रार्थना आहे. ‘हारिद्रव’ म्हणजे हळदच, असे अनेक लोकप्रिय लेखक गृहीत धरतात; पण अथर्ववेदाच्या भाष्यपरंपरेने व आधुनिक कोशकारांनी त्याचा अर्थ एक पिवळा पक्षी असा घेतला आहे. शुकाच्या जोडीस दुसरा पक्षी येणे हे संदर्भासही धरून आहे. मराठीत आजही पिवळ्या रंगाच्या एका सुंदर पक्ष्यास ‘हळद्या’ म्हणतात, हे या ठिकाणी ध्यानात घेण्याजोगे आहे. या सूक्ताचा विनियोग सांगणाऱ्या कौशिकसूत्रात मात्र हरिद्रायुक्त भाताचा प्रयोग आढळतो. अर्थात काविळीचा पिवळेपणा पिवळ्याच पदार्थाने काढावयाचा, ही सादृश्याची कल्पना तेथे मुख्य आहे. द्रव्याच्या गुणाची परीक्षा नव्हे.

ही परीक्षा संहिताकाळात दिसू लागते. चरकसंहितेत हरिद्रेची गणना लेखनीय, कुष्ठघ्न आणि विषघ्न अशा द्रव्यगणांत केलेली आहे. सुश्रुतसंहितेत तर तिच्याच नावाने ‘हरिद्रादि गण’ सांगितला आहे. वाग्भटाने प्रमेहावरील श्रेष्ठ द्रव्ये म्हणून आवळा व हळद यांची जोडी निर्दिष्ट केली; ‘निशा-आमलकी’ या नावाने ती वैद्यपरंपरेत अद्यापि प्रचलित आहे. या उल्लेखांची बारकाईने तपासणी केली असता दोन गोष्टी दिसून येतात. पहिली अशी की, प्राचीन वैद्यांनी हळदीस सर्वरोगहारक कधीच म्हटले नाही. त्वग्रोग, व्रण, प्रमेह, विष यांसारख्या ठराविक क्षेत्रांतच तिची योजना केली. दुसरी अशी की, तिची योजना बहुधा अन्य द्रव्यांच्या संगतीने आणि निश्चित मात्रेने होत असे. दारुहळद ही वस्तुतः निराळ्या कुळातील झुडुपाची साल वा मूळ. परंतु हळदीबरोबर तिचा उल्लेख ‘हरिद्राद्वय’ असा जोडीनेच येतो. आज केवळ ‘आयुर्वेदात सांगितले आहे’ एवढ्या आधारावर जे दावे केले जातात, त्यांत या मर्यादांचा व या संगतीचा मागमूसही नसतो.

मध्ययुगात परकीयांचे लक्ष या कंदाकडे गेले ते मुख्यतः त्याच्या रंगामुळे. १५६३ साली गोव्यात छापल्या गेलेल्या आपल्या संवादग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने हळदीचा विचार ‘देशी केशर’ म्हणून केला आहे. लिनिअसने १७५३ साली तिला ‘कर्क्युमा लॉन्गा’ हे नाव दिले. त्यातील ‘कर्क्युमा’ हा शब्दही केशरवाचक अरबी ‘कुर्कुम’ या शब्दावरून आलेला आहे. युरोपियनांच्या दृष्टीने हळद ही प्रदीर्घ काळ स्वस्त केशरच होती.

३

रंगाच्याच शोधातून हळदीचे रसायन उलगडले. १८१५ साली फोगेल व पेलेतिए या रसायनज्ञांनी हळदीतील पिवळे द्रव्य वेगळे काढले. त्यालाच कर्क्युमिन हे नाव मिळाले. त्याची रेणुरचना निश्चित होण्यास मात्र १९१० साल उजाडावे लागले. दरम्यान हळदीच्या द्रावणात बुडविलेला कागद युरोपातील प्रयोगशाळांत अल्कधर्मी पदार्थ ओळखण्यासाठी वापरला जाऊ लागला, कारण अल्काचा स्पर्श होताच पिवळा रंग तांबडा होतो. महाराष्ट्रातील कुंकू करणाऱ्यांना हे रहस्य पिढ्यानुपिढ्या ठाऊक होते. हळकुंडांवर अल्काची प्रक्रिया करून तांबडे कुंकू सिद्ध करण्याची रीत म्हणजे तीच रासायनिक क्रिया होय. देव्हाऱ्यातील दोन वाट्यांत शेजारी शेजारी असणारी हळद आणि कुंकू ही मुळात एकाच द्रव्याची दोन रूपे आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यापासून रंगद्रव्याचा विचार औषधिद्रव्य म्हणून होऊ लागला. १९४९ साली कर्क्युमिनच्या जंतुविरोधी गुणाविषयीचे निवेदन ‘नेचर’ या नियतकालिकात आले. १९७३ साली लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांतून त्याचा दाहशामक गुण दाखवून दिला. तेव्हापासून या एका द्रव्यावर जगभर हजारो निबंध लिहिले गेले आहेत.

व्रणावर हळद लावण्याच्या घरगुती ज्ञानास न्यायालयीन स्वरूपाची कसोटी द्यावी लागली ती १९९५ नंतर. त्या वर्षी २८ मार्च रोजी अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रास, व्रण भरून काढण्यासाठी हळद वापरण्याच्या रीतीबद्दल, ५४०१५०४ या क्रमांकाचे पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ साली त्यास हरकत घेतली. हरकतीच्या समर्थनार्थ ३२ संदर्भ सादर करण्यात आले. त्यांत संस्कृत, हिंदी व उर्दू ग्रंथांतील उतारे होते, तसाच भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकातील १९५३ सालचा एक निबंधही होता. अमेरिकन पेटंट कार्यालयाने हे ज्ञान नवे नसल्याचे मान्य करून १९९७ साली पेटंटातील दावे फेटाळले. या प्रकरणाचा खरा धडा असा की, कोट्यवधी घरांतील नित्याचा आचार हा अशा कार्यालयापुढे पुरावा ठरत नाही. लिखित नोंद हाच पुरावा ठरतो. पुढे २००१ साली पारंपरिक ज्ञानाचा अंकीय ग्रंथसंग्रह उभारण्याचे जे काम भारताने हाती घेतले, त्याच्या मुळाशी हाच अनुभव होता. तथापि येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे. हळदीचा हा उपयोग जुना आहे, एवढेच त्या निर्णयाने सिद्ध झाले. तो उपयोग किती परिणामकारक आहे, हा प्रश्न तेथे निकालात निघालेला नव्हता.

४

आता आहारातील मोलाचा विचार करू गेल्यास हिशोबाची गरज पडते. वाळलेल्या हळदीत मुख्य भाग पिष्टाचा असतो. सोबत काही तंतू, थोडी प्रथिने, उडनशील तेल आणि साधारणपणे शेकडा २ ते ५ या प्रमाणात कर्क्युमिन व त्याची दोन सगोत्र रंगद्रव्ये असतात. १०० ग्रॅम भुकटीत लोह ४० मिलिग्रॅमच्या वर आढळते, आणि या आकड्याच्या बळावर हळद ही लोहाची खाण असल्याचे सांगण्यात येते. परंतु १०० ग्रॅम हळद कोणीही खात नाही. माणशी दिवसाला ३ ग्रॅम हळद पोटात जाते असे उदारपणे धरले, तरी तीतून मिळणारे लोह दीड मिलिग्रॅमच्या आसपासच राहील, आणि वनस्पतिजन्य असल्यामुळे त्यातील थोडाच अंश अंगी लागेल. प्रौढ स्त्रीस दररोज २९ मिलिग्रॅम लोहाची शिफारस भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली केली आहे. यावरून उघड आहे की, पंडुरोगाच्या निवारणासाठी डाळी, पालेभाज्या व वैद्याने दिलेल्या लोहाच्या गोळ्या यांची जागा हळद घेऊ शकत नाही.

औषधी मात्रेचा हिशोब याहून बोलका आहे. बंगळूर येथील संशोधकांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कर्क्युमिन दिले असता रक्तात त्याचे प्रमाण अत्यल्प किंवा जवळजवळ शून्यच आढळले. त्याबरोबर मिऱ्यातील पिपरीन हे द्रव्य २० मिलिग्रॅम दिले असता शोषण अनेक पटींनी, शेकडा २००० इतके, वाढले. स्निग्ध पदार्थांतही ते अधिक विरघळते. फोडणीत तेल आणि मसाल्यात मिरे ही आपली पाकरीती या दृष्टीने सयुक्तिक ठरते, हे खरे. पण २ ग्रॅम कर्क्युमिन मिळण्यासाठी, शेकडा ३ हे प्रमाण धरल्यास, सुमारे ६७ ग्रॅम हळद लागेल. म्हणजे प्रयोगातील एका मात्रेत स्वयंपाकघरातील कमीतकमी तीन आठवड्यांची हळद सामावलेली असते. अर्कावर झालेल्या प्रयोगाचे फळ वरणातील चिमटीस देता येत नाही, ते या कारणामुळे.

अर्काविषयीही सावधगिरी आवश्यक आहे. २०१७ साली औषधिरसायनाच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात कर्क्युमिनवरील संशोधनाचा विस्तृत परामर्श घेण्यात आला. हे द्रव्य अस्थिर आहे, शरीरात नीट शोषले जात नाही, आणि अनेक रासायनिक चाचण्यांत ते स्वतःच्या रंगामुळे व क्रियाशीलतेमुळे फसवे निकाल देते, असे लेखकांनी दाखविले. १२० हून अधिक मानवी चाचण्या होऊनही निर्विवाद यश लाभलेले नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. गुडघ्याच्या संधिवातात वेदना काहीशी कमी होत असल्याचे काही लहान चाचण्यांत आढळले आहे. तो अंश नाकारण्याचे कारण नाही. उलटपक्षी, अलीकडच्या वर्षांत दाट अर्काच्या गोळ्या घेणाऱ्या काही व्यक्तींना यकृताचा विकार जडल्याच्या नोंदी इटलीत व अमेरिकेत झाल्या आहेत. पिढ्यान् पिढ्या आहारात असलेली हळद निर्धोक आहे, म्हणून तिचा दाट अर्कही निर्धोकच असणार, हे अनुमान टिकत नाही.

मग हळदीचे आहारातील मोल काय? ते मसाल्याचे मोल आहे. साध्या वरण-भाताला आणि भाकरीबरोबरच्या भाजीला ती रुची, गंध व रंग देते; अल्प खर्चात डाळ-भाज्या खाण्याजोग्या करते; आणि तिच्या मर्यादित जंतुविरोधी गुणाचा थोडा लाभ त्या अन्नास होतो. हे मोल लहान आहे, पण खरे आहे. ‘पी हळद आणि हो गोरी’ ही म्हण ज्या समाजाने रचली, त्यास हळदीच्या फळाची घाई करणारांची थट्टा करण्याइतका विवेक फार पूर्वीच होता.

५

हिंगोलीच्या भूमीत या पिकाने जे स्थान मिळविले, त्याचा इतिहास मात्र प्राचीन नव्हे, अर्वाचीन आहे. निजामी राजवटीत हिंगोली व वसमत हे परभणी जिल्ह्याचे तालुके होते. हिंगोली हे हैदराबाद संस्थानाच्या कंटिंजंट फौजेचे ठाणे आणि कापसाची मोठी पेठ म्हणून प्रसिद्ध होते. १९४८ साली संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला व १९६० साली महाराष्ट्रात समाविष्ट झाला; परंतु कापूस, ज्वारी व तूर या कोरडवाहू पिकांची चौकट त्यामुळे एकाएकी बदलली नाही.

बदल घडविला तो पाण्याने. पूर्णा नदीवरील येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे १९६८ च्या सुमारास पुरी झाली आणि त्यांच्या कालव्यांचे पाणी वसमतच्या काळ्या रानांत पोहोचले. प्रथम ऊस, केळी यांसारखी बागायती पिके आली. आणि गेल्या दोन-तीन दशकांत हळदीने त्यांच्या शेजारी, पुष्कळ ठिकाणी त्यांच्या जागी, आपले बस्तान बसविले. ही घटना स्वाभाविक होती. हळदीस आठ-नऊ महिने पाणी लागते, पण उसाइतके नव्हे. काढलेले पीक कारखान्याच्या तोडीची वाट पाहत उभे राहत नाही. आणि वाळलेले हळकुंड भाव येईपर्यंत राखून ठेवता येते. कोरडवाहू शेतकऱ्यास ठाऊक नसलेली ही सवड होती.

या पिकाने श्रमाची एक नवी पद्धतही आणली. अक्षय्य तृतीयेनंतर जून उजाडेपर्यंत बेणे लावावयाचे. निचऱ्यासाठी सरी-वरंबा किंवा गादीवाफा, आणि अलीकडे त्यावर ठिबक. पावसाळ्यात कंदकुज व करपा यांची राखण. हिवाळ्याअखेर पाला कापून कंद उकरावयाचे. जेठे गड्डे बेण्यासाठी निवडून ठेवावयाचे व उरलेली हळद शिजवावयाची. पूर्वी शेतातच कढई मांडून पाण्यात हळद शिजवीत. आता वाफेचे कुकर गावोगाव फिरतात. शिजविण्याने कंदातील पिष्ट एकजीव होते, रंग सर्वत्र सारखा पसरतो, कोंब मरतो आणि वाळवण लवकर होते. नंतर दहा-पंधरा दिवस ऊन देऊन पॉलिशच्या ड्रममध्ये फिरविले की बाजारचे हळकुंड तयार होते. ओल्या मालाचा साधारणपणे पाचवा हिस्सा कोरडा माल म्हणून हाती येतो. ऐन वाळवणीत अवकाळी पाऊस आला तर वर्षभराच्या श्रमांचा रंग काही तासांत उतरतो, आणि रंगाबरोबर भावही उतरतो.

सांगलीची परंपरा याहून जुनी. कृष्णाकाठी हरिपूरला जमिनीच्या पोटात खोदलेल्या पेवांतून हळद वर्षानुवर्षे साठविली जात असे. २००५ च्या महापुराने त्या पेवांची मोठी हानी केली. वर्धा जिल्ह्यातील वायगावच्या हळदीस २०१६ साली आणि सांगलीच्या हळदीस २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. वसमतचे २०२४ सालचे मानांकन त्यानंतरचे. वसमत येथे २०२२ साली राज्य शासनाने बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाने हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्र मंजूर केले. केंद्र शासनाने ऑक्टोबर २०२३ मध्ये राष्ट्रीय हळद मंडळाची घोषणा केली, तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार २०२२-२३ मध्ये देशात ३.२४ लाख हेक्टरांवर ११.६१ लाख टन हळद पिकली. जगाच्या उत्पादनात हा वाटा शेकडा ७५ हून अधिक होता. त्याच वर्षी सुमारे १.५३ लाख टन हळद व तिचे पदार्थ निर्यात झाले. जानेवारी २०२५ मध्ये हे मंडळ निजामाबाद येथे सुरू झाले.

६

या आकड्यांत एक विसंगती दडलेली आहे. जगात हळदीची मागणी तिच्या औषधी कीर्तीने वाढली. पण बाजार समितीच्या आवारात हळकुंडाचा भाव ठरतो तो मुख्यतः रंग, लांबी-जाडी, कोरडेपणा आणि पॉलिश पाहून. ज्या कर्क्युमिनच्या नावाने अर्काच्या कुप्या विकल्या जातात, त्याचे प्रमाण मोजून शेतकऱ्यास दर मिळण्याची रीत अद्याप सार्वत्रिक नाही. कीर्ती औषधाची, भाव रंगाचा आणि नफा अर्काचा, अशी ही तीन ठिकाणी झालेली वाटणी आहे.

रंगावर भाव ठरण्याचा परिणाम किती घातक होऊ शकतो, हे बांगलादेशाच्या उदाहरणावरून दिसते. १९८० नंतरच्या दशकातील एका महापुरानंतर तेथील हळद निस्तेज निघाली, आणि ती उजळ दिसावी म्हणून पॉलिश करताना शिशाचे पिवळे रंगद्रव्य, लेड क्रोमेट, चोपडण्याची प्रथा रूढ झाली. गरोदर स्त्रियांच्या रक्तातील शिशाचा माग काढणाऱ्या संशोधकांनी २०१९ साली त्याचा उगम या हळदीत असल्याचे दाखविले. त्यानंतर शासनाने दंड, तपासणी व लोकजागृती यांचा अवलंब केला. बाजारातील दूषित नमुन्यांचे प्रमाण २०१९ मधील शेकडा ४७ वरून २०२१ पर्यंत शून्यावर आले. शिसे मुलांच्या बुद्धीची कायमची हानी करते. आरोग्यासाठी खाल्लेल्या वस्तूनेच आरोग्याचा नाश व्हावा, आणि त्याचे मूळ ग्राहकाच्या पिवळ्या रंगाच्या हट्टात असावे, ही गोष्ट हळदीच्या प्रत्येक पेठेने ध्यानी घेण्यासारखी आहे.

यावरून काही निष्कर्ष निघतात. हळदीची प्राचीन औषधी प्रतिष्ठा खरी आहे, परंतु ती मर्यादित रोगांपुरती व विशिष्ट योजनेपुरती होती. तिचे आहारातील मोल मसाल्याचे आहे, पोषक अन्नाचे नव्हे. कर्क्युमिनविषयीचे संशोधन आश्वासक वाटले तरी अपुरे आहे, आणि मधुमेह, संधिवात वा अर्बुद यांवरील चालू उपचार त्याच्या भरवशावर सोडणे धोक्याचे आहे. वसमतच्या शेतकऱ्याचे हित अवास्तव दाव्यांत नाही, कारण असे दावे कोसळतात तेव्हा मागणीही त्यांच्याबरोबर कोसळते. त्याचे हित शुद्ध, शिसेविरहित, मोजलेल्या कर्क्युमिनची आणि ज्ञात मूळस्थानाची हळद ओळखू येण्यात आहे. भौगोलिक मानांकनाचा अर्थही तोच. बाजार समितीत कर्क्युमिन व शिसे यांची तपासणी सुलभ दरात होऊ लागली, आणि तपासणीचा कागद हळकुंडाच्या पोत्याबरोबर सौद्यास आला, तर ही ओळख प्रत्यक्ष दरात उतरेल. तसेच १९९५ च्या पेटंट प्रकरणाने शिकविल्याप्रमाणे, कयाधू व पूर्णा यांच्या खोऱ्यांतील घराघरांत हळदीचे जे लेप, काढे व आचार चालत आले आहेत, त्यांची गाववार लेखी नोंद करण्याचे काम विद्यापीठांतील इतिहास, वनस्पतिशास्त्र व गृहविज्ञान या विभागांनी एकत्र येऊन हाती घेणे उचित होईल. ती नोंद गुणांची प्रशस्ती म्हणून नव्हे, तर मात्रा, रीत आणि आढळलेला परिणाम यांचा जसाच्या तसा लेख म्हणून व्हावी.